मोठी अक्षरं नसलेल्या लिपीतला मोठा आवाज

सेमाडोहला जायचं तर परतवाड्याहून धारणीकडे जाणारी एसटी धरायची. घटांग मागे पडलं की सागाचं रान दाट होत जातं आणि पुढे सिपना नदीची सोबत सुरू होते. मेळघाटच्या या गावात एका संध्याकाळी मी काही झेरॉक्स पानं घेऊन बसलो होतो. बहुतेक पानं 1955 ते 1975 या काळात मराठीत निघालेल्या अनियतकालिकांची होती. एक-दोन पानं 1914 साली लंडनमध्ये निघालेल्या एका इंग्रजी मासिकाची होती. समोर शाळा-कॉलेजातली दहा-बारा मुलंमुली होती. पानं हातोहात फिरली. परतवाड्याला कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने एक पान उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "सर, हे असं वाकडंतिकडं काहून छापलं? आन् लिहिणारा एवढा चिडून काहून राह्यला?"

हा प्रश्न मला नागपुरात, पुण्यात, प्राध्यापकांच्या चर्चासत्रातही ऐकू आला आहे, फक्त तिथे तो इतक्या सरळपणे विचारला जात नाही. त्यात खरं तर दोन प्रश्न आहेत, एक छपाईचा आणि एक भाषेचा. दोन्ही सोबतच विचारले जातात हे बरंच आहे, कारण त्यांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत.

1. वाचण्याआधी आपण बघतो

घरी दोन पत्रिका आल्या आहेत असं समजा. एक लग्नाची, एक तेरवीची. पाकिटातून अर्धी बाहेर काढली तरी कोणती कुठली ते कळतं. नाव वाचलेलं नसतं, तारीख पाहिलेली नसते. तरी एका पत्रिकेने चेहऱ्यावर हसू आणलेलं असतं आणि दुसरीने हात थबकवलेला असतो. कागदाचा रंग, शाई, अक्षरांचं वळण, वर गणपती आहे की नाही, मजकुराभोवती किती जागा सोडली आहे, या सगळ्याने शब्दांच्या आधी निरोप पोचवलेला असतो.

छापील अक्षराचं वळण, आकार, जाडी, दोन ओळींमधलं अंतर आणि पानावरची मोकळी जागा यांची मांडणी करण्याच्या कामाला टायपोग्राफी म्हणतात. ती चांगली असली की आपल्याला दिसत नाही. शाळेचं पुस्तक वाचताना अक्षरं कोणत्या वळणाची आहेत हा विचार कुणाच्या मनात येत नाही, आणि यावा अशी छापणाऱ्याचीही इच्छा नसते. बंडखोर मासिकाचं नेमकं उलटं असतं. वाचकाने अक्षराला ठेचकाळावं, अशी त्याची इच्छा असते.

2. चार शब्दांचा प्रयोग

त्या संध्याकाळी मी फळ्यावर एक साधं वाक्य लिहिलं. मेळघाटात उन्हाळ्यात ते समजावून सांगावं लागत नाही.

आमच्या गावात पाणी नाही.

ही माहिती झाली. ग्रामसेवकाच्या अहवालात बसेल. आता तेच चार शब्द असे लिहू:

आमच्या
गावात
पाणी

नाही.

शब्द तेच, क्रमही तोच. पण "पाणी"नंतर डोळा खाली उतरतो आणि त्याला रिकामी ओळ लागते. त्या एका ओळीपुरतं गावात पाणी होतं. मग "नाही" येतं आणि ते संपतं. अहवालात जे नव्हतं ते इथे आलं, ते म्हणजे वाट पाहणं.

तिसऱ्यांदा असं:

पाणीनाहीपाणीनाहीपाणीनाही
आ म च्या  गा वा त

पहिल्या ओळीत श्वास घ्यायला जागा नाही, रिकाम्या हंड्यांच्या रांगेसारखी ती एकमेकांना खेटून उभी आहे. दुसऱ्या ओळीत गाव विखुरलं आहे. इथे आपल्या लिपीचं एक वैशिष्ट्य लक्षात घ्यायला हवं. देवनागरी अक्षरं शिरोरेषेला लटकलेली असतात, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. इंग्रजी शब्दातली अक्षरं दूर सरकवली तर शब्द जरा सैल होतो. मराठी शब्दातली अक्षरं दूर सरकवली तर दोरीच तुटते. त्यामुळे मराठीत अक्षरं सुटी करणं ही फार मोठी कृती आहे, ती शब्दाला खरोखर इजा करते.

मुलांपैकी एकीने तिसरा नमुना मोठ्याने वाचायला घेतला आणि ती मध्येच थांबली. "वाचताच येत नाही, बघावंच लागते," ती म्हणाली. हेच मला सांगायचं होतं.

3. लंडनचा स्फोट

आता ते 1914 चं मासिक. त्याचं नाव 'ब्लास्ट'. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ स्फोट असा होतो आणि "जळो मेलं" अशा शापासारखाही तो वापरला जातो. संपादक होता चित्रकार आणि लेखक विंडम लुईस. भडक गुलाबी कव्हर, त्यावर तिरकं, जाडजूड काळ्या अक्षरांत मासिकाचं नाव, आकार टेलिफोन डिरेक्टरीसारखा मोठा. आत जाहीरनाम्याची पानं होती. एका बाजूला ज्यांना शाप द्यायचे त्यांच्या याद्या, दुसऱ्या बाजूला ज्यांना आशीर्वाद द्यायचे त्यांच्या. शापांची सुरुवात खुद्द इंग्लंडपासून होते आणि त्यातही आधी तिथल्या हवामानापासून. पुढे त्याच इंग्लंडला जहाजांसाठी आणि बंदरांसाठी आशीर्वाद मिळतो. न्हाव्यालासुद्धा आशीर्वाद आहे. काही गोष्टी दोन्ही याद्यांत आहेत.

हे सगळं साध्या परिच्छेदात छापलं असतं तर तऱ्हेवाईक माणसाची बडबड वाटली असती. पण पानावर शब्द भिंतीवरच्या पोस्टरसारखे उभे केले होते. कुठे एकच शब्द अर्धी रुंदी व्यापतो, कुठे बारीक ओळींचा पुंजका, आणि बरेचसे शब्द कॅपिटल, म्हणजे मोठ्या लिपीतल्या अक्षरांत. जाहिरातीची आणि वर्तमानपत्राच्या मथळ्याची युक्ती लुईसने साहित्यात आणली. इटलीत कवी मारिनेत्ती हेच त्याआधी करू लागला होता. त्याचा भविष्यवादाचा जाहीरनामा 20 फेब्रुवारी 1909 रोजी पॅरिसच्या 'ल फिगारो' या दैनिकात आला होता, आणि पुढे त्याने तोफांचे आवाज पानावर लहानमोठ्या अक्षरांत उडवले.

पण हे सारं एका सोयीवर उभं आहे. रोमन लिपीत प्रत्येक अक्षराची दोन रूपं असतात, लहान आणि मोठं. सगळंच मोठ्या रूपात लिहिलं की वाचकाला ओरडल्यासारखं वाटतं. देवनागरीला ही सोय नाही. आपला "क" हा "क"च, वाक्याच्या सुरुवातीला असो, नावाच्या सुरुवातीला असो की किंकाळीत असो.

मग मराठीत ओरडायचं कसं? माझ्या मते मराठी अनियतकालिकांकडे बघण्याची खरी किल्ली या प्रश्नात आहे, आणि तो जवळजवळ कुणी विचारत नाही.

4. खिळे, जुळारी आणि मेणकागद

एक वाट होती छापखान्याची. त्या काळी मजकूर शिशाच्या खिळ्यांनी जुळवला जाई. जुळारी खणांच्या पेटीसमोर उभा राहून एकेक खिळा उचलून ओळ बसवी. इंग्रजीला शंभर-सव्वाशे खिळ्यांच्या जातींत भागतं. काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं यांमुळे मराठीला कित्येक शे लागतात. एवढा साठा एका आकारात ठेवणंच खर्चाचं, मग चार-पाच आकारांत आणि दोन-तीन जाड्यांत कोण ठेवणार? मोठ्या आकाराचे खिळे असत ते मथळे आणि जाहिरातींपुरते. म्हणजे लुईसने जी चैन केली ती गिरगावातल्या एखाद्या बिनपैशाच्या कवीला परवडणारी नव्हती.

दुसरी वाट सायक्लोस्टाइलची. पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना ती शाळेच्या चाचणी परीक्षेतून आठवेल. मेण लावलेल्या कागदावर टोकदार लेखणीने लिहायचं किंवा फीत न लावता टंकयंत्राने उमटवायचं. मेण जिथे खरवडलं तिथून शाई झिरपते आणि खालच्या कागदावर मजकूर उमटतो. थोडी फिकट, थोडी पसरलेली, विशिष्ट वासाची ती प्रश्नपत्रिका. 1954 साली अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ आणि बंडू वझे यांनी मुंबईत 'शब्द' काढलं ते असं सायक्लोस्टाइलवर. मराठी अनियतकालिकांची गोष्ट बहुधा तिथूनच सांगायला सुरुवात करतात.

अनियतकालिक म्हणजे ज्याच्या निघण्याचा काळ ठरलेला नाही असं. पैसे जमले, मजकूर जमला की अंक निघायचा. दोन अंकांत बंद पडलं तरी कुणाला लाज वाटायची नाही.

सायक्लोस्टाइलचा ओबडधोबडपणा हीच या मासिकांची टायपोग्राफी ठरली. ती ठरवून केलेली नव्हती, खिशाने ठरवलेली होती. पण तिचा अर्थ वाचकाला बरोबर कळत होता, कारण शेजारी तुलनेला 'सत्यकथा' होती. गिरगावातल्या खटाववाडीतून निघणारं हे मासिक त्या काळच्या मराठी साहित्याचं मानाचं पान होतं. 'मौज' छापखान्याची छपाई नीटस, मुद्रितशोधन काटेकोर, समास आखीव. संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या नजरेखालून प्रत्येक ओळ जाई. त्या पानांवर कविता छापून येणं म्हणजे कवी म्हणून नाव लागणं, आणि "साभार परत" येणं म्हणजे दार बंद होणं. अशा वेळी कुणी पसरलेल्या शाईत, हाताच्या अक्षरात, समास न सोडता कविता वाटू लागला, तर कवितेचा एक शब्द वाचण्याआधीच पान काय सांगत होतं? तुमच्या दाराशी आम्ही उभे नाही.

'सत्यकथे'ने मराठीला फार मोठे लेखक दिले आणि तिची शिस्त मला आजही प्रिय आहे. विदर्भातले वसंत आबाजी डहाके यांची 'योगभ्रष्ट' ही दीर्घ कविता, जिच्यात शहर आणि माणूस दोन्ही मोडून पडतात, तीही 'सत्यकथे'तच आली होती. आणि नेटकं पान ओरडणाऱ्या कवितेला कमजोर करतंच असं नाही. काही वेळा पांढऱ्याशुभ्र समासात मांडलेली किंकाळी जास्त टोचते.

5. नावातच अर्धं काम

अक्षर मोठं करता येत नव्हतं, तर शब्द निवडला गेला. या मासिकांची नावंच पाहा. तोवरच्या बऱ्याच नियतकालिकांची नावं ज्ञान, तेज किंवा सौंदर्य सांगणारी असत. अशोक शहाणे यांनी काढलेल्या अंकाचं नाव 'असो'. पत्रात एखादा विषय सोडून द्यायचा असला की आपण लिहितो तो शब्द. भालचंद्र नेमाडे ज्याचे संपादक होते ते 'वाचा'. याचे तीन अर्थ होतात: पुस्तक वाचा, स्वतः वाचा म्हणजे जिवंत राहा, आणि वाचा म्हणजे वाणी. चंद्रकांत खोत यांचं 'अबकडई', शाळेत पर्यायांपुढे लिहितात ती अक्षरं ओळीने. राजा ढाले ज्यात लिहीत ते 'येरू': जुन्या मराठीत येरू म्हणजे इतर, दुसरा, "येरागबाळा"मधला येर. 'फक्त' हे तर क्रियाविशेषण, ज्याला कुणी नाव मानणार नाही.

ही नावं मोठ्या टायपात छापायची गरजच नव्हती. मासिकाच्या कपाळावर "असो" एवढंच दिसलं की वाचक थबकतो. इंग्रजी मासिकाने जे काम शाईच्या काळेपणाकडून करून घेतलं ते मराठीने शब्दाच्या जागेकडून करून घेतलं. नको त्या ठिकाणी साधा शब्द बसवला की तो आपोआप जाड दिसतो.

6. "बे" कुणी म्हटलं?

आता त्या मुलाच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. लिहिणारा चिडून का राहिला?

वऱ्हाडी माणसाला हे लवकर समजेल. परतवाड्याच्या स्टँडवर एक मित्र दुसऱ्याला म्हणतो, "काहून बे, कुठी होता?" त्यात माया आहे. तोच "बे" एखाद्या साहेबाने टेबलामागून, उभ्या असलेल्या माणसाला म्हटला तर तो अपमान आहे. शब्दाला स्वतःचा राग नसतो. कोण, कुणाला, कुठल्या उंचीवरून म्हणतो यावर तो ठरतो. खालून वर फेकलेला शब्द आणि वरून खाली टाकलेला शब्द, दोन्ही एकाच कोशात एकाच अर्थाने नोंदले जातात, पण ते एक नसतात.

साहित्यातल्या आक्रमक भाषेला हीच कसोटी लावली पाहिजे. ती कुणाकडे तोंड करून आहे?

बा. सी. मर्ढेकरांवर त्यांच्या 1947 च्या 'काही कविता' या संग्रहासाठी अश्लीलतेचा खटला झाला आणि पुढे ते निर्दोष सुटले. म्हणजे साठच्या दशकातल्या तरुणांच्या आधीच मराठी कवितेला कोर्टाची पायरी माहीत होती. बंगालमध्ये 1961 पासून 'हंगरी' कवींनी एकेका कागदावर जाहीरनामे छापून वाटले, आणि 1964 मध्ये मलय रायचौधुरी यांना त्यांच्या एका कवितेसाठी अटक झाली. अशोक शहाणे बंगाली जाणत होते, त्या वाऱ्याची त्यांना चांगली कल्पना होती. 1963 मध्ये 'मनोहर'मध्ये त्यांनी मराठी वाङ्मयावर "क्ष-किरण" टाकणारा लेख लिहिला. त्यात एकेका मान्यवराची हाडं दाखवलेली होती. आणि 1969 मध्ये राजा ढाले यांनी "सत्यकथेची सत्यकथा" लिहिली, मग 'सत्यकथे'च्या अंकाची होळीही झाली.

होळीचं समर्थन मला करता येत नाही. छापील कागद जाळणं मला कधीच पटलेलं नाही. पण ढाल्यांच्या भाषेतली धार कुठून येते हे समजून घ्यावंच लागतं. त्याच दशकात, 1962 मध्ये, मराठी साहित्य महामंडळाने लेखनाचे 14 नियम ठरवले, 1972 मध्ये आणखी 4 जोडले. नियम गरजेचे होते आणि त्यांनी अनुस्वारांचं ओझं खूप हलकं केलं. पण रूढ शब्द काय आहे? शुद्धलेखन. म्हणजे जे त्यात बसत नाही ते अशुद्ध. ज्याच्या पिढ्यांनी स्वतःच्या अंगाबद्दल "अशुद्ध" हा शब्द ऐकला आहे, त्याला स्वतःच्या बोलीबद्दल तोच शब्द ऐकू आला तर तो काय करेल? 1972 मध्ये नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह आला, विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह. त्यातले कितीतरी शब्द पांढरपेशा वाचकाने कधी ऐकलेले नव्हते. ते त्याला शिवीगाळ वाटले. ज्या वस्तीतून ते आले तिथे ते रोजच्या वापरातले होते, तवा-परात म्हणावं तसे. त्याच वर्षी 15 ऑगस्टच्या 'साधना'त ढाल्यांचा "काळा स्वातंत्र्यदिन" आला. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला कायदा किती मोजतो आणि दलित स्त्रीच्या अपमानाला किती, हा त्यातला सवाल होता. गदारोळ ध्वजाबद्दलच्या एका वाक्यावर झाला. सवाल बाजूला पडला. आक्रमक भाषेचा हा कायमचा धोका आहे: लोक शब्दाला उत्तर देतात, प्रश्नाला देत नाहीत.

सेमाडोहच्या मुलांना हे सांगताना मी एका गोष्टीपाशी अडखळलो. त्यांच्यातली बरीच मुलं कोरकू होती. कोरकू ही मराठीची बोली नव्हे, ती मुंडा कुळातली स्वतंत्र भाषा आहे, संथाळीची लांबची बहीण. या मुलांना शाळेतली मराठी हीच मुळी परक्याची भाषा म्हणून भेटते. ढाले-ढसाळांनी प्रमाण मराठीवर जो हल्ला केला तो आतून केला होता. ही मुलं अजून उंबऱ्यावर आहेत. यवतमाळकडच्या भुजंग मेश्राम यांनी 'उलगुलान' या संग्रहात आदिवासी शब्द मराठी कवितेत आणले, तेव्हा त्यांनी या उंबऱ्याचाच प्रश्न काढला होता.

7. आवाज आणि तोफ

'ब्लास्ट'चा पहिला अंक निघाला तो 1914 चा उन्हाळा होता. 4 ऑगस्टला ब्रिटन महायुद्धात उतरला. कागदावर स्फोट करणाऱ्यांच्या भोवती खरे स्फोट सुरू झाले. जुलै 1915 चा दुसरा अंक हा युद्धाचा अंक होता. त्यात त्यांच्याच गटातला तरुण शिल्पकार गोदिए-ब्रेझेस्का आघाडीवर मारला गेल्याची बातमी होती. तिसरा अंक निघालाच नाही. मारिनेत्तीचं तर पुढे मुसोलिनीशी सूत जमलं, युद्धाची स्तुती त्याने पहिल्या जाहीरनाम्यापासूनच केली होती. म्हणून, अक्षर जोरात आहे एवढ्यावर भुलू नये. जोर दोन्हीकडे असतो, दडपणाऱ्यातही आणि दडपलेल्यातही.

मराठी अनियतकालिकांबद्दलही एक बोचणारी गोष्ट सांगितली पाहिजे. ही चळवळ जवळजवळ पूर्ण पुरुषांची होती. प्रस्थापितांवर फेकलेल्या कितीतरी शब्दांचा नेम मध्येच बाईच्या शरीरावर पडतो. शिवी ज्याला द्यायची त्याला लागत नाही, त्याच्या आईबहिणीला लागते. वर जी कसोटी सांगितली ती इथेही लावायची. काही पानं तिच्यात उतरत नाहीत, आणि ती कितीही महत्त्वाची असली तरी तसं म्हटलं पाहिजे.

8. झेरॉक्समध्ये काय राहतं

मी सेमाडोहला नेलेली पानं मूळ नव्हती. झेरॉक्सने 'ब्लास्ट'चा गुलाबी रंग करडा केला, त्याचा मोठा आकार आखूड केला. सायक्लोस्टाइलची फिकट शाई सारखी काळी केली. आणि या कविता आज निवडक संग्रहात पुन्हा छापल्या जातात तेव्हा त्या सरळ टाइप करून, नीट समास सोडून, चांगल्या कागदावर येतात. शब्द सगळे राहतात. ज्या पानाने वाचकाला अडवलं होतं ते पान जातं. म्हणून अशी मासिकं वाचताना पहिल्यांदा न वाचता नुसतं बघावं, मग मोठ्याने वाचावं, आणि मग विचारावं की हा कुणाशी बोलतो आहे.

आपल्या सरकारी कचेऱ्यांत वर्षानुवर्षं संगणकावर जो 'मंगल' फाँट दिसत आला आहे तो र. कृ. जोशी यांनी घडवला. ते सुलेखनकार होते आणि कवीही. ज्या हाताने अक्षराला चित्र करून पाहिलं, त्याच हाताने शासन निर्णयाचं अक्षरही बांधलं, हे मला फार लोभस वाटतं. कुठल्याही तहसीलच्या नोटिशीकडे बघताना मला ते आठवतं.

संध्याकाळच्या शेवटी मुलांनी भित्तिपत्रक करायचं ठरवलं. विषय पाणी. एकाने सुचवलं, मंगलमध्ये टाइप करून प्रिंट काढू. बाकीच्यांनी हातानेच लिहायचं म्हटलं. आठ कागद भिंतीवर लागले. सात भरगच्च होते, निळ्या-हिरव्या खडूंनी, लाटांसारख्या ओळींनी, दोनांवर कोरकू शब्दही होते. आठवा त्या मध्येच थांबलेल्या मुलीचा. तिने पूर्ण कागद कोरा ठेवला होता. अगदी खाली, उजव्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत एकच शब्द लिहिला होता: नाही. भिंतीपाशी येणारा प्रत्येक जण आधी कागद रिकामा समजून पुढे जायचा, मग परत यायचा आणि तो वाचायला गुडघ्यात वाकायचा.